पाळी बंद, सोनोग्राफीत 'पीसीओएस', आणि बिघाड निघाला मेंदूच्या ठोक्यात

रानवाट | ८ जून, रात्री १०.१५

माझी पाळी येऊन चौदा महिने झाले. हे इथे लिहावं की नाही, यावर आठवडाभर विचार केला. त्यातले सात महिने मी चुकीच्या वाटेने चालत होते. आणखी कुणी त्याच वाटेवर असेल तर तिच्या हाती हा धागा लागावा, म्हणून लिहिते आहे.

वय ३१, उंची १६२ सेंमी. मागच्या वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू केली. पळणं आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर. भात बंद, पोळी एकच, रात्री नुसतं सूप. वजन ५७ वरून ४८ वर आलं. भेटेल तो म्हणायचा, काय छान बारीक झालीस! एप्रिलमध्ये शेवटची पाळी आली आणि मग आलीच नाही. खरं सांगायचं तर पहिले तीन महिने मला बरंच वाटलं, पळायला अडथळा नाही म्हणून. आता त्याचं वाईट वाटतं.

ऑक्टोबरमध्ये मूल हवं म्हणून एका डॉक्टरांकडे गेलो. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत बऱ्याच बारीक पुटिका दिसल्या. निदान झालं पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने अंडाशयांत पुटिका साठून पाळी चुकणं. मेटफॉर्मिन दिलं, साखर आणि भात बंद करायला सांगितलं, 'व्यायाम वाढवा, वजन आटोक्यात ठेवा' असा सल्ला मिळाला. ४८ किलोच्या बाईला! मी तोही मनापासून पाळला.

मे महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी माझेच जुने रिपोर्ट पुढ्यात घेतले आणि विचारलं, "हा एलएचचा आकडा कुणी पाहिला का?" अंडाशयांना चालना देणारी संप्रेरकं तळाला: एलएच १.१, एफएसएच ४.२. इस्ट्रॅडिऑल, म्हणजे अंडाशयातलं इस्ट्रोजेन, वीसच्याही खाली. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) आणि थायरॉइड व्यवस्थित. दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेऊनही अंगावरून काहीच गेलं नाही. त्या म्हणाल्या, "अंडाशयं ठीक आहेत, पण त्यांना वरून निरोपच येत नाही."

वरून म्हणजे मेंदूतून. गेला महिनाभर जमेल तेवढं वाचते आहे. मला समजलं ते असं: मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. तिथल्या थोड्याशा चेतापेशी जीएनआरएच हे संप्रेरक सोडतात, फक्त दहा अमिनो आम्लांची साखळी. ते जवळच्याच पिट्यूटरी ग्रंथीला सांगतं, तिथून एलएच आणि एफएसएच रक्तात उतरतात, आणि मग अंडाशयात बीज वाढू लागतं. हे जीएनआरएच संथ धारेने येत नाही, ठोक्याठोक्याने येतं. पाळीनंतरच्या दिवसांत साधारण साठ ते नव्वद मिनिटांनी एक ठोका, बीज सुटल्यावर त्याहून सावकाश.

अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ मध्ये पिट्सबर्गला केलेला प्रयोग वाचून मी थक्क झाले. माकडिणींमध्ये मेंदूतला जीएनआरएच सोडणारा भाग त्यांनी निकामी केला. मग बाहेरून तासाला एक ठोका या हिशेबाने जीएनआरएच दिलं, तर एलएच आणि एफएसएच पुन्हा वाढले. तेच संप्रेरक अखंड धारेने दिलं, तर दोन्ही खाली गेले. परत तासाला एक ठोका, परत वर. म्हणजे औषध तेच असून परिणाम उलटा, फरक फक्त तालाचा.

आणि हा ताल धरणारं जे आहे ते मेंदूतलंच एक रसायन, त्याचं नाव किसपेप्टिन. ते जीएनआरएचच्या पेशींना टोचणी देतं. शरीरात पुरेसं अन्न आहे का, ताण किती, प्रोलॅक्टिन किती, ही खबर बरीचशी किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशींमार्फत पोचते. माझ्या मेंदूने नऊ किलो गेलेले पाहिले आणि ठरवलं, सध्या मूल नको.

कुणाला हा अनुभव आहे का? परत पाळी यायला किती काळ लागला? जाणकारांनी माझं काही चुकलं असेल तर दुरुस्त करावं.


तळटीप | ८ जून, रात्री ११.५०

रानवाट, मी अंतःस्रावी विकारांची डॉक्टर आहे. तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे. तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर तुम्हाला पाहतात, मी पाहत नाही, तेव्हा पुढचं सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या.

तुमच्या स्थितीला आम्ही फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया म्हणतो. पीसीओएसशी तिची गल्लत वारंवार होते, कारण दोन्हींत पाळी चुकते आणि दोन्हींत सोनोग्राफीत बारीक पुटिका दिसू शकतात. एएमएच (पुटिकांच्या संख्येचा अंदाज देणारं संप्रेरक), त्याचा आकडाही फसवतो. पण मुळात या दोन अवस्था जवळजवळ उलट्या आहेत. पीसीओएसमध्ये जीएनआरएचचे ठोके भरभर पडतात, एलएच चढं राहतं, पुरुषी संप्रेरकं वाढतात, म्हणून हनुवटीवर केस, मुरुमं. तुमच्यासारख्या अवस्थेत ठोके मंदावतात किंवा थांबतात, एलएच तळाला जातं, इस्ट्रोजेन बनत नाही, गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. म्हणूनच प्रोजेस्टेरॉन देऊनही रक्तस्राव झाला नाही. पीसीओएसमध्ये तो बहुधा होतो. ही एक साधी खूण नीट पाहिली असती तर तुमचे सात महिने वाचले असते.

हे निदान बाकीचं सगळं वगळून करायचं असतं. आधी गर्भधारणेची चाचणी, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन. सतत डोकं दुखणं, उलट्या, नजरेत फरक असं काही असेल तर मेंदूचा एमआरआय. सहा महिन्यांच्या वर पाळी नसेल तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. एंडोक्राइन सोसायटीची २०१७ ची मार्गदर्शिका हेच सांगते. आणखी एक गोष्ट त्यात स्पष्ट लिहिली आहे: केवळ 'पाळी आणण्यासाठी' किंवा हाडांसाठी गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत. गोळी थांबवल्यावर रक्तस्राव होतो, बाईला वाटतं झालं नीट. मेंदू मात्र तसाच गप्प असतो.


साधीसुधी | ९ जून, सकाळी ७.०५

म्हणजे मुलींनी पळूच नये असं म्हणायचंय का? माझ्या सासूबाई हेच म्हणतात आणि आता हा धागा दाखवतील.


तळटीप | ९ जून, दुपारी १.२०

साधीसुधी, नाही, अजिबात नाही. अमेरिकेत अ‍ॅन लॉक्स यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. त्यांना दिसलं की व्यायामाचा थकवा हे कारण नाही. खाल्लेल्यातून व्यायामाला लागणारी ऊर्जा वजा करून उरलेली ऊर्जा कमी पडते, हे कारण आहे. २००३ च्या त्यांच्या अभ्यासात नियमित पाळी असलेल्या तरुणींमध्ये ही उरलेली ऊर्जा, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरीच्या खाली गेली, तेव्हा एलएचचा ताल बिघडू लागला. तोही पाच दिवसांत! नेहमीची गरज साधारण ४५ ची.

रानवाट यांचा ढोबळ हिशेब करू. चरबी सोडून वजन ४० किलो धरा. दहा किलोमीटर पळायला ४८ किलोच्या बाईला पाचशेच्या आसपास कॅलरी लागतात. म्हणजे ताल नीट राहायला त्या दिवशी १८०० अधिक ५००, अशा २३०० हव्यात. एक पोळी आणि सूप धरून जेमतेम तेराशे-चौदाशे पोटात जात असतील, तर उरल्या किलोमागे वीस-बावीस. सासूबाईंना सांगा, सून पळू दे, पण ताटात दोन पोळ्या आणि वर तूप जास्त वाढा.


थेम्सकाठ | ९ जून, रात्री ८.४०

मी लंडनमध्ये प्रयोगशाळेत काम करतो (या विषयात नाही, पण शेजारच्या). किसपेप्टिनची गोष्ट मला फार आवडते म्हणून थोडं लिहितो.

याचं जनुक सापडलं १९९६ मध्ये, तेही प्रजननाच्या नव्हे, कर्करोगाच्या संशोधनात. त्वचेच्या कर्करोगाचा प्रसार रोखणारं जनुक म्हणून. प्रयोगशाळा होती पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी, जिथे हर्शीज किसेस हे चॉकलेट बनतं. म्हणून जनुकाचं नाव पडलं किस-१. बाळाच्या जन्माशी त्याचा संबंध असेल हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तो उलगडला २००३ मध्ये. फ्रान्समधल्या आणि बॉस्टनमधल्या दोन गटांना, एकमेकांशी संबंध नसताना, एकाच वर्षी तेच दिसलं. काही कुटुंबांत मुलंमुली वयात येतच नव्हती. बॉस्टनच्या गटाने पाहिलेलं कुटुंब सौदी अरेबियातलं होतं, नात्यात लग्नं झालेलं. या मुलांमध्ये किसपेप्टिनचा निरोप स्वीकारणारा ग्राही, जीपीआर५४, बिघडलेला होता. एवढा एक ग्राही नाही, तर तारुण्यच सुरू होत नाही. २००८ मध्ये ब्राझीलमधल्या एका मुलीत उलटं सापडलं. तिच्यात हाच ग्राही गरजेपेक्षा जास्त काळ जागा राहत होता आणि ती वेळेच्या फार आधी वयात आली होती. मामे-आते भावंडांत लग्नं आपल्याकडेही होतात. दोन्हीकडून तोच दोष येण्याची शक्यता त्यात वाढते, म्हणून घरात असा इतिहास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

आणि आयव्हीएफ. बीजं काढण्याआधी ती पिकवायला शेवटचं इंजेक्शन देतात, ते बहुतेक वेळा एचसीजीचं (एलएचसारखं काम करणारं संप्रेरक) असतं. त्याचा अंमल बरेच दिवस टिकतो. काहीजणींची अंडाशयं त्याने इतकी चेकाळतात की पोटात पाणी भरतं, जिवावरही बेततं. इथल्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने २०१४ मध्ये ५३ स्त्रियांत एचसीजीऐवजी किसपेप्टिन वापरून पाहिलं. ते बाईच्या स्वतःच्या पिट्यूटरीतलं एलएच सोडवतं, बाहेरचा मारा करत नाही. बीजं पिकली, बाळंही जन्मली. पुढच्या वर्षी हा धोका ज्यांना जास्त होता अशा ६० जणींवर तेच केलं. कुणालाच या त्रासाचं मध्यम किंवा गंभीर रूप झालं नाही.


ओवी२२ | १० जून, सकाळी ९.३०

हे किसपेप्टिनचं इंजेक्शन पुण्यात कुठे मिळेल? ऑनलाइन एका ठिकाणी कुपी दिसली, 'फर्टिलिटी बूस्टर' म्हणून. घ्यावी का?


तळटीप | १० जून, सकाळी ९.५५

ओवी, कृपा करून घेऊ नका. आजतरी किसपेप्टिन हे संशोधनातलं औषध आहे. नेटवर विकल्या जाणाऱ्या कुपीत काय आहे, किती शुद्ध आहे, याला कुणीही जबाबदार नसतं. शिवाय ते नुसतं घेत राहूनही चालत नाही. पाळी थांबलेल्या स्त्रियांना दिवसातून दोनदा टोचून पाहिलं, तेव्हा पहिल्या दिवशी एलएच जोरात वाढलं आणि दोन आठवड्यांत प्रतिसाद पार ओसरला. रानवाट यांनी सांगितलेली माकडिणींची गोष्ट आठवा. मात्रा आणि ताल चुकला तर उलट्या दिशेने जाल. तुमचे रिपोर्ट काय आहेत ते हवं तर वेगळ्या धाग्यात लिहा.


गोठा_शिरोळ | १० जून, रात्री ९.१०

ताई, मी दुधाचा धंदा करतो. नऊ म्हशी आहेत. जनावराशी तुलना केली म्हणून राग मानू नका, पण हे सगळं मला रोजचं आहे.

म्हैस व्याली की दूध भरपूर देते. त्या वेळी खुराक कमी पडला तर अंगातलं सगळं दुधात उतरतं, पाठीची हाडं वर दिसायला लागतात. मग दोन-दोन, चार-चार महिने माजावर येत नाही. उन्हाळ्यात तर मुका माज. आतून येते पण ओरडत नाही, सोट (माजाचा चिकट स्राव) नीट दिसत नाही, आपल्याला कळतच नाही आणि वेत लांबतं. आमचे जनावरांचे डॉक्टर बुसेरेलिनचं इंजेक्शन देतात. ते या जीएनआरएचचंच भावंड, हे तुमच्या धाग्यामुळे आज कळलं. आधी ते, तिथून सातव्या दिवशी दुसरं, नवव्या दिवशी परत पहिलं, आणि दहाव्या दिवशी रेतन. पण वाळलेल्या म्हशीला ते सुई लावतच नाहीत. म्हणतात, आधी महिनाभर पेंड आणि मिनरल मिक्श्चर घाल, अंग धरू दे, मग बोलव. रिकाम्या पोटी टोचलं तर पैसे पाण्यात.

तुम्ही आधी अंग धरा ताई. मूल होईल.


रानवाट | १० जून, रात्री १०.३०

दादा, राग कसला? इतकं नेमकं मला अजून कुणी सांगितलं नव्हतं. 'अंग धरा' हे शब्द फ्रिजवर लिहून लावते आहे.


निर्गंध | ११ जून, रात्री १२.४०

बायकांच्या धाग्यात लिहितोय, चालेल अशी आशा आहे. जीएनआरएचचा बिघाड पुरुषांतही होतो आणि आम्ही तर बोलतच नाही.

कॉलेजात होतो तेव्हा मला दाढी नव्हती. आवाज बारीक. मित्र फोनवर 'आई आहे का घरी?' विचारून हसायचे. आईवडील म्हणायचे, काही मुलं उशिरा वयात येतात, येईल. बाविसाव्या वर्षीही काही नाही. चोविसाव्या वर्षी मुंबईत एका डॉक्टरांनी सगळं तपासून झाल्यावर एकदम विचारलं, "तुला वास येतो का?"

मला कधीच वास आलेला नाही. मला वाटायचं मला तेवढं लक्ष देता येत नाही. फोडणी जळाली तरी कळायचं नाही, आई मला वेंधळा म्हणायची. एमआरआयमध्ये दिसलं की मेंदूतला वासाचा भागच तयार झालेला नाही. याला कॉलमन सिंड्रोम म्हणतात. कॉलमन यांनी १९४४ मध्ये त्याचं वर्णन केलं. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं: आईच्या पोटात असताना जीएनआरएचच्या पेशी मेंदूत जन्मत नाहीत, नाकाच्या जागी जन्मतात आणि वासाच्या नसांच्या वाटेने चालत मेंदूत जातात. माझ्यात ती वाटच बनली नाही. म्हणून ना वास, ना तारुण्य. तो कागद मी जपून ठेवला आहे.

आधी टेस्टोस्टेरॉन सुरू झालं. सहा महिन्यांत दाढी आली, आवाज फुटला. पण त्याने शुक्राणू बनत नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लग्न ठरताना बायकोला सगळं सांगितलं, तिच्या आईवडिलांनाही. दोन घरांतून नकार आला, तिसऱ्या घरातली ही. मूल हवं ठरल्यावर टेस्टोस्टेरॉन बंद करून एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं घेतली, आठवड्यातून तीनदा, चौदा महिने. खर्च खूप झाला, पोटावर टोचायला जागा उरली नाही. अकराव्या महिन्यात तपासणीत पहिल्यांदा काही शुक्राणू दिसले. आता मुलगी दोन वर्षांची आहे. ती मोगऱ्याची ओंजळ माझ्या नाकाशी धरते आणि विचारते, आला?

सतरा-अठरा वर्षांच्या मुलात वयात येण्याची काहीच खूण नसेल तर थांबू नका. आणि त्याला वास येतो का, हे एकदा विचारा.


तळटीप | ११ जून, सकाळी ८.१५

निर्गंध, फार मोलाचं लिहिलंत. त्याला जोडून दोन गोष्टी. मुलींमध्ये तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नाही किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, तर तपासायला हवं. मुलांमध्ये चौदाव्या वर्षापर्यंत वृषणांची वाढ दिसायला हवी.

दुसरी गोष्ट जिमला जाणाऱ्या मुलांसाठी. ज्यांच्यात सगळं नीट आहे त्यांनी 'बॉडी' बनवायला टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइड टोचून घेतलं, तर मेंदूला वाटतं पुरवठा भरपूर आहे, तो ठोके थांबवतो. वृषणं लहान होतात, शुक्राणू शून्यावर येतात. माझ्याकडे असे तरुण येतात, बरोबर बायको असते, आणि तिच्या दहा तपासण्या आधीच झालेल्या असतात. नवऱ्याची एकही नसते. याचा मला मनापासून राग येतो.


कावेरी_नगर | ११ जून, दुपारी ३.००

माझं प्रोलॅक्टिन ८६ आलं होतं, पाळी पाच महिने नव्हती. एमआरआयला पाठवणार होते. मग एका डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणायला सांगितली. मी दोन वर्षं ॲसिडिटीची कॅप्सूल रोज घेत होते, मेडिकलवाल्याला सांगून. त्यात लेव्होसल्पिराइड होतं. ती बंद केली, दोन महिन्यांत प्रोलॅक्टिन उतरलं आणि पाळी आली.


तळटीप | ११ जून, रात्री ९.२५

कावेरी, हे आपल्याकडे किती घरांत चाललंय! लेव्होसल्पिराइड आणि डॉमपेरिडोन दोन्हींनी प्रोलॅक्टिन वाढतं. वाढलेलं प्रोलॅक्टिन किसपेप्टिनच्या पेशींना दाबतं, आणि पुढचा सगळा ताल बिघडतो. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी लांबते त्यातही हाच धागा आहे. गोळीच्या पाकिटावर पोटाचं नाव असलं तरी आतले घटक वाचा.


रानवाट | १९ ऑक्टोबर, रात्री ९.४५

चार महिन्यांनी लिहिते आहे. पळणं तीन महिने पूर्ण बंद ठेवलं, फक्त चालणं. भात, पोळी, तूप, दुपारी शेंगदाण्याचा लाडू. सुरुवातीला ताट पाहून रडू यायचं, पोट फुगायचं, आरशासमोर जायची भीती वाटायची. त्यासाठी समुपदेशकाकडे सहा वेळा गेले. ते लपवावं असं मला वाटत नाही. डेक्सात कमरेच्या मणक्यांची घनता कमी आली आहे, वर्षाने पुन्हा पाहायचं आहे.

वजन ५४. सप्टेंबरमध्ये एलएच ४.६ आलं. महिन्याच्या शेवटी काही दिवस अंगावरून स्वच्छ, तार धरणारं पांढरं गेलं. आणि १२ ऑक्टोबरला सकाळी पाळी आली. अठरा महिन्यांनी. मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला आणि दोघं काही न बोलता नुसते लाइनवर होतो.

गोठा_शिरोळ दादा, अंग धरलं.


गोठा_शिरोळ | २० ऑक्टोबर, सकाळी ६.१०

लई आनंद झाला ताई. देव बरं करो.


साधीसुधी | २० ऑक्टोबर, सकाळी ११.००

रानवाट, अभिनंदन! तळटीप डॉक्टर, एक प्रश्न. माझ्या बहिणीचं असंच आहे, आठ महिने पाळी नाही, आता नीट खायला लागली आहे. तिला इतक्यात मूल नको आहे. पाळी येईपर्यंत तिने काही काळजी घ्यायची गरज नाही ना?


तळटीप | २० ऑक्टोबर, दुपारी १.४०

गरज आहे. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. रानवाट यांना सप्टेंबरअखेर जे पांढरं गेलं ती बीज सुटण्याच्या आसपासचीच खूण असणार. म्हणजे पहिल्या पाळीच्या आधीही दिवस राहू शकतात आणि पाळी नाहीच म्हणून महिनोन्महिने कळत नाही. बहिणीला आजपासूनच निरोध वापरायला सांगा, आणि मधे कधी मळमळ किंवा स्तनांत दुखरेपणा वाटला तर घरीच लघवीची चाचणी करून घ्यायला सांगा.